फळाचा हिशेब कोणी सोडायचा?

७ जानेवारी १९४१ रोजी विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या लष्करी सल्लागारांसाठी एक टिपण लिहिले. अतिपूर्वेकडील ब्रिटिश फौजांचे सरसेनापती रॉबर्ट ब्रुक-पोफम यांनी हाँगकाँगच्या शिबंदीसाठी जादा कुमक मागितली होती. ती मागणी चर्चिलना मुळातच चुकीची वाटली. जपानशी युद्ध जुंपले तर हाँगकाँग राखता येण्याची किंवा बाहेरून जाऊन सोडवण्याची तिळमात्रही शक्यता नाही, तेथे होणारे नुकसान आपणहून वाढवणे शहाणपणाचे नाही, शिबंदी वाढवण्याऐवजी नावापुरतीच ठेवावी आणि त्या वसाहतीचे काय करायचे ते युद्धानंतरच्या तहाच्या वेळी पाहावे, असा त्या टिपणाचा आशय होता. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला कॅनडाच्या दोन पलटणी हाँगकाँगच्या धक्क्यावर उतरल्या. एकूण माणसे १,९७५. ८ डिसेंबरला जपानने हल्ला केला. २१ डिसेंबरला, बेटावरची लढाई हातची गेलेली असताना, चर्चिल यांचा संदेश आला की शरणागतीचा विचारही मनात आणू नये. २५ डिसेंबरला वसाहत शरण गेली. इतिहासकार या घटनाक्रमात चुकलेला अंदाज, कमी पडलेली तोफ, उशिरा आलेले जहाज शोधतात, आणि ते त्यांचे कामच आहे. पण त्या शोधाने न सुटणारा एक प्रश्न उरतो आणि तो धर्माचा आहे. जे राखता येणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे, ते राखण्यासाठी दुसऱ्याला मरायला पाठवणे धर्म्य आहे काय?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक उत्तर तयारच असते. कर्तव्य करावे, फळावर डोळा ठेवू नये. जय आणि पराजय सारखे मानून लढावे. सैनिकाच्या निरोप समारंभात, हुतात्म्याच्या स्मारकापाशी, सेनाधिकाऱ्यांच्या भाषणात गीतेचा हाच भाग पुन्हा पुन्हा सांगितला जातो. त्या अर्थाने पाहिले तर हाँगकाँगचा बचाव हे निष्काम कर्माचे उत्तम उदाहरण ठरावे, कारण तेथे विजयाची आशा नव्हती आणि तरीही माणसे लढली. मला हे उत्तर मान्य नाही. लढणाऱ्यांच्या निष्ठेविषयी माझ्या मनात शंका नाही. आक्षेप आहे तो त्या निष्ठेचे पुण्य लढाईची आखणी करणाऱ्यांच्या खात्यावर जमा करण्याला. फळाची आशा सोडण्याचा अधिकार माणसाला स्वतःच्या कर्मापुरता, स्वतःच्या देहापुरता आहे. जो नकाशावर रेघ ओढतो आणि त्या रेघेवर दुसऱ्यांना उभे करतो, त्याला फळाचा हिशेब सोडता येत नाही. तो हिशेब करणे हेच त्याचे कर्म असते. हिशेब टाळून त्याने आज्ञा दिली, तर त्याने निष्काम कर्म केले असे होत नाही; त्याने आपले कर्म केलेच नाही, असे होते.

याला पहिला आधार गीतेतच आहे. अठराव्या अध्यायात कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची इच्छा न धरता केलेले कर्म सात्त्विक, हे सर्वांच्या लक्षात राहते. तामस कर्माचे लक्षण मात्र क्वचितच कोणी सांगतो. पुढे काय परिणाम होतील, किती नाश होईल, दुसऱ्यांना किती पीडा होईल आणि आपले सामर्थ्य किती आहे, या चार गोष्टींकडे न पाहता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस, असे तेथे म्हटले आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष अशी त्या चार कसोट्यांची नावे. म्हणजे फळाची आसक्ती सोडणे आणि परिणामांचा विचार सोडणे या गीतेच्या दृष्टीने परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. पहिली माणसाला वर नेते, दुसरी खाली. ज्या कृष्णाने हा उपदेश केला त्याचे वर्तनही याला धरूनच आहे. युद्धापूर्वी तो स्वतः हस्तिनापुरी शिष्टाईला गेला, पाच गावांवर तडजोड करण्याची पांडवांची तयारी होती, आणि ती शिष्टाई फसल्यावरच सैन्ये कुरुक्षेत्रावर उभी राहिली. सगळा उपदेश संपल्यावर तो अर्जुनाला सांगतो की यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. ज्याला मरणाच्या तोंडी जायचे आहे त्याला आधी सगळे सांगितले आहे, आणि निर्णय त्याच्या हाती ठेवला आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले गीतारहस्य १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी गीतेचा अर्थ कर्मयोगपर लावला, तरी कर्माच्या बाह्य रूपापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला अधिक महत्त्व दिले. बुद्धी शुद्ध ठेवायची तर तिला आधी वस्तुस्थिती दाखवावी लागते. न पाहणारी बुद्धी सम असू शकत नाही. ती फक्त झाकलेली असते.

ज्यांनी हाँगकाँगची योजना आखली ते गीता वाचणारे नव्हते, तेव्हा त्यांना आपल्या ग्रंथाच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल, असे कोणी म्हणेल. म्हणून त्यांच्या परंपरेचे मापही पाहू. ख्रिस्ती विचारात धर्म्य युद्धाची मांडणी दीर्घकाळ चालत आली आहे. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनसने तीन अटी सांगितल्या: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत हवी, कारण न्याय्य हवे आणि हेतू शुद्ध हवा. पुढच्या विचारवंतांनी त्यात भर घातली. ह्यूगो ग्रोशियसने १६२५ साली युद्ध आणि शांततेच्या कायद्यावर लिहिलेल्या ग्रंथात, कारण न्याय्य असले तरी तेवढ्यावर युद्धात उडी घेऊ नये, बळाचा आणि संभाव्य हानीचा विचार करावा, असे बजावले. यशाची वाजवी आशा ही अट आज कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीतही आहे. या अटीमागचा विचार सरळ आहे. राज्यकर्त्याच्या हाती इतरांचे प्राण ठेव म्हणून असतात, आणि ठेव उधळून टाकण्याचा अधिकार विश्वस्ताला नसतो. दोन परंपरा एकमेकींपासून इतक्या दूर वाढल्या आणि तरी एकाच जागी येऊन पोचल्या. म्हणून गीतेच्या चार कसोट्या हाँगकाँगला लावणे हे त्यांच्यावर परकी फूटपट्टी लादणे नाही.

पहिली कसोटी पौरुषाची, स्वतःच्या सामर्थ्याची. हाँगकाँगचे बेट ब्रिटनला १८४२ च्या नानकिंगच्या तहाने मिळाले, समोरचे कौलून १८६० मध्ये आणि त्यामागचा न्यू टेरिटरीज हा डोंगराळ मुलूख १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने. बेटाचे संरक्षण कौलूनच्या डोंगरांवर अवलंबून, आणि डोंगरांपलीकडे चीनची मुख्य भूमी. १९२२ च्या वॉशिंग्टन आरमारी कराराने पश्चिम पॅसिफिकमधील ज्या ठिकाणी नवी तटबंदी करायची नाही असे ठरले, त्यांत हाँगकाँग होते. सिंगापूर वगळले गेले. त्यामुळे पैसा आणि लक्ष सिंगापूरकडे गेले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कौलूनच्या मागे डोंगरांतून जिन ड्रिंकर्स लाइन ही सुमारे १८ किलोमीटरची संरक्षणरेषा बांधायला घेतली गेली, पण ती पुरती लढवायला लागणारी माणसे कधीच नव्हती. ऑक्टोबर १९३८ मध्ये जपानने कँटन घेतले आणि शत्रू उंबरठ्याशी आला. १९४१ च्या अखेरीस त्या रेषेवर तीन पलटणी होत्या. कै टाक विमानतळावर लष्कराची जुनाट विमाने पाच, आणि ती पहिल्याच सकाळी बहुतेक सगळी निकामी झाली. शिंग मुन हा त्या रेषेचा मोक्याचा बुरूज. त्याच्या भुयारांना लंडनच्या रस्त्यांची नावे दिलेली होती. ९ डिसेंबरच्या रात्री जपानी पायदळाने अंधारात चढून तो काही तासांत घेतला. १३ डिसेंबरपर्यंत सगळी फौज बेटावर मागे आली होती. हे दुर्दैवाने घडले नाही. सामर्थ्य किती आहे याचे उत्तर आधीपासून कागदावर होते.

दुसरी कसोटी अनुबंधाची, म्हणजे पुढे काय होणार याची. वेढ्यात सापडलेल्या ठाण्याने किती दिवस तग धरावा याला अर्थ असतो तो सुटकेला येणाऱ्या फौजेमुळे. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश योजना मुख्य आरमार युरोपातून सिंगापूरला येईल या गृहीतावर उभ्या होत्या. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इटली युद्धात उतरली आणि ते गृहीत कोसळले. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटनच्या तिन्ही सेनाप्रमुखांनी अतिपूर्वेचा जो आढावा घेतला, त्यात हे मान्य केले की हाँगकाँग फार काळ टिकणार नाही, ती केवळ एक दूरची चौकी समजावी आणि शक्य तितके दिवस लढवावी. त्या आढाव्याची एक प्रत ऑटोमेडॉन नावाच्या जहाजातून सिंगापूरकडे चालली होती. नोव्हेंबर १९४० मध्ये अटलांटिस या जर्मन युद्धनौकेने ते जहाज पकडले, कागद टोकियोतील जर्मन दूतावासात पोचले आणि तेथून जपानच्या हाती गेले. या अपघाताचा दोष योजनाकारांना देता येणार नाही. तरी त्यातून जी स्थिती झाली तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. ब्रिटन पूर्वेला आरमार पाठवू शकत नाही आणि हाँगकाँगवर त्याने मनातून पाणी सोडले आहे, हे जपानच्या सेनानींना कळले होते. डोंगरावर मशिनगनमागे बसलेल्या सैनिकाला ते कळलेले नव्हते.

तिसरी आणि चौथी कसोटी, क्षय आणि हिंसा, एकत्र पाहाव्या लागतात, कारण सैनिकांचा नाश आणि निरपराधांची पीडा तेथे एकमेकांत मिसळली. शिबंदीत सुमारे चौदा हजार माणसे होती. दोन ब्रिटिश पलटणी, दोन कॅनेडियन, आणि दोन हिंदी: सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी पलटण आणि चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी. तोफखान्यातही हिंदी जवान मोठ्या संख्येने होते. १८ डिसेंबरच्या रात्री जपानी फौज बेटाच्या ज्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावर उतरली, तो किनारा राजपूत पलटणीकडे होता. तिची त्या एका रात्रीत वाताहत झाली. दुसऱ्या दिवशी वाँग नाइ चाँगच्या खिंडीत कॅनेडियन ब्रिगेडियर लॉसन मारले गेले. कॅनडाच्या १,९७५ पैकी २९० जण लढाईत गेले, आणि कैदेतले मृत्यू धरले तर साडेपाचशेहून अधिक जण परतले नाहीत. शहरात तेव्हा निर्वासितांसह सोळा लाखांच्या आसपास माणसे होती, बहुतेक सगळी चिनी. त्यांचे पाणी जलाशयांतून येत होते आणि ते जलाशय युद्धरेषेत होते. जुलै १९४० मध्ये ब्रिटिश बायकामुलांना फिलिपिन्समार्गे ऑस्ट्रेलियाला हलवण्यात आले. चिनी आणि मिश्रवंशीय कुटुंबांना त्या योजनेत जागा नव्हती. त्याच वर्षी गव्हर्नर जेफ्री नॉर्थकोट यांनी, नागरिकांची कत्तल आणि शहराचा विध्वंस टळावा म्हणून शिबंदी काढून घ्यावी, अशी विनंती लंडनला केली होती. ती मानली गेली नाही. नाताळच्या सकाळी सेंट स्टीफन्स कॉलेजमधील इस्पितळात शिरून जपानी सैनिकांनी जखमींची आणि परिचारिकांची हत्या केली. तो अपराध हत्या करणाऱ्यांचाच, त्यातला कणही दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. तरीही ज्याने पराभव निश्चित मानला होता, त्याने पराभवानंतर इस्पितळातल्या खाटांचे काय होईल हा प्रश्न विचारायला हवा होता.

चारही कसोट्यांचे उत्तर जानेवारी १९४१ मध्ये स्पष्ट होते आणि चर्चिल यांनी ते अचूक लिहिले होते. मग सप्टेंबरमध्ये, कॅनडाकडे पलटणी मागण्याचे ठरले तेव्हा, काय बदलले? हाँगकाँगहून निवृत्त होऊन परतणारे मेजर जनरल ग्रॅसेट हे मूळचे कॅनडाचे. वाटेत ओटावाला थांबून ते तेथील सेनाप्रमुख क्रेरार यांच्याशी बोलले आणि एकदोन पलटणींनी शिबंदीचे बळ बरेच वाढेल, हा आपला विचार त्यांनी लंडनला मांडला. ब्रिटनच्या सेनाप्रमुखांना तो पटला, चर्चिलही राजी झाले. कॅनडाला पाठवलेल्या विनंतीत हाँगकाँग ही दूरची चौकी आहे, शक्य तितके दिवस राखायची आहे, हे म्हटले होते. पण त्याबरोबर मलायाचे संरक्षण आता सुधारले आहे आणि जपानचा पवित्रा सैल होतो आहे, असेही लिहिले होते. जानेवारीतला निर्वाळा त्यात नव्हता. न्यूफाउंडलंड आणि जमैकात पहाऱ्याचे काम केलेल्या, लढाईचे शिक्षण अपुरे असलेल्या दोन पलटणी ऑक्टोबरच्या अखेरीस व्हँकुव्हरहून निघाल्या. त्यांची वाहने दुसऱ्या जहाजावर चढली आणि ती हाँगकाँगला पोचलीच नाहीत. भूगोल तोच होता, आरमार तेवढेच दूर होते. बदलली होती ती फक्त जपान धजणार नाही अशी आशा. त्या आशेला एका जुन्या समजुतीचा आधार होता: जपानी सैनिक दुय्यम दर्जाचा, रात्री लढू न शकणारा. शिंग मुनचा बुरूज रात्रीच पडला. गीतेने तामस कर्माच्या मुळाशी मोह सांगितला आहे, तो येथे नेमका दिसतो. साम्राज्याच्या प्रतिष्ठेचा मोह आणि प्रतिपक्षाला कमी लेखण्याचा मोह.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला असा की हाँगकाँग सोडून जाणे हा चीनचा विश्वासघात झाला असता. १९३७ पासून चीन एकटा लढत होता. च्यांग काय-शेक यांच्या सरकारला ब्रिटन पाठीशी आहे हे दाखवणे आवश्यक होते, आणि दोन पलटणी हे त्या निष्ठेचे चिन्ह होते. हा आक्षेप वजनदार आहे. मित्राशी निष्ठा हे धर्म्य मूल्य आहे आणि त्यासाठी किंमत मोजणेही धर्म्य असू शकते. पण ब्रिटनने ऑगस्ट १९४० मध्ये शांघाय, पेकिंग आणि तिएनत्सिन येथील आपल्या शिबंद्या काढून घेतल्याच होत्या. माघार घेणे अशक्य होते किंवा प्रतिष्ठेला असह्य होते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. आणि चीनशी निष्ठा हाच हेतू असता, तर तो हाँगकाँगच्या चिनी माणसांपासून सुरू व्हायला हवा होता. स्वयंसेवक दलात काही चिनी तुकड्या होत्या, पण हाँगकाँग चायनीज रेजिमेंट उभारायला १९४१ च्या नोव्हेंबरपर्यंत वाट पाहिली गेली आणि युद्ध सुरू झाले तेव्हा तिच्यात जेमतेम पन्नासेक माणसे होती. ज्यांच्या शहराचा बचाव करायचा त्यांच्या हाती बंदूक देण्याइतका विश्वास नव्हता, आणि मॅनिटोबा व हिंदुस्थानातल्या माणसांचे प्राण मात्र त्या बचावाचे चिन्ह म्हणून वापरले गेले. चिन्ह होणे माणसाने स्वतः पत्करले तर ते बलिदान. दुसऱ्याने त्याला न सांगता चिन्ह केले तर तो वापर.

दुसरा आक्षेप असा की भविष्य कोणालाच दिसत नाही आणि आजच्या ज्ञानावरून कालच्या माणसाला दोष देणे सोपे असते. माल्टाचे उदाहरण पुढे केले जाईल. युद्धापूर्वी तेही बेट राखता येणार नाही असे अनेक तज्ज्ञांचे मत होते. तरी ते राखायचे ठरले आणि १९४० ते १९४२ पर्यंतचा भयंकर वेढा सोसून ते टिकले. तज्ज्ञांचा नकार हाच शेवटचा शब्द मानला असता तर भूमध्य समुद्रातले युद्ध वेगळे झाले असते. हे खरे आहे, आणि म्हणूनच माझा युक्तिवाद धोका पत्करू नये असा नाही. पण माल्टाला एका बाजूला जिब्राल्टर होते, दुसऱ्या बाजूला अलेक्झांड्रिया, आणि कितीही जहाजे बुडाली तरी ऑगस्ट १९४२ च्या मोठ्या ताफ्यासारखी रसद पोचवण्याचा मार्ग होता. तेथून शत्रूच्या आफ्रिकेतल्या पुरवठ्यावर घाव घालता येत होता. म्हणजे धोक्याला हेतू होता आणि हेतूला साधन होते. हाँगकाँगला सिंगापूर अडीच हजार किलोमीटर दूर होते, आणि तेथे आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स व रिपल्स या दोन मोठ्या युद्धनौका १० डिसेंबरलाच बुडाल्या. अनिश्चितता आणि अज्ञान यांत येथे गल्लत होते. माल्टाचे योजनाकार अनिश्चिततेत उतरले. हाँगकाँगच्या योजनाकारांनी आपल्याच लेखी निष्कर्षाकडे पाठ फिरवली, आणि त्याला दूरदृष्टीचा अभाव म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. आशा नसतानाही अन्यायाचा प्रतिकार करणे हे माणसाच्या श्रेष्ठतेचे लक्षण आहे. यशाची वाजवी आशा ही अट लावली तर इतिहासातील सर्वांत उदात्त प्रतिकार अधर्म्य ठरतील. १९४३ मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीतील तरुणांनी मूठभर शस्त्रांनिशी जर्मन सैन्याला तोंड दिले. जिंकू असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते. त्यांना चुकीचे कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. पण त्यांचे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देते. सगळे माहीत असताना त्यांनी स्वतः निवड केली, आणि दुसऱ्या बाजूलाही मृत्यूच उभा होता. त्यांनी सोडलेले फळ त्यांचेच होते. हाँगकाँगच्या राजपूत पलटणीतील कॅप्टन मतीन अन्सारी यांचेही तसेच. युद्धकैदेत त्यांनी ब्रिटनशी असलेली निष्ठा सोडावी म्हणून जपान्यांनी त्यांचा अनन्वित छळ केला. ते झुकले नाहीत, आणि २९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांना ठार करण्यात आले. ज्या देशाच्या व्हाइसरॉयने ३ सप्टेंबर १९३९ ला कोणा लोकप्रतिनिधीला न विचारता युद्धात उतरल्याची घोषणा केली, त्या देशाच्या या माणसाने आपले मरण मात्र स्वतः ठरवले. ते निष्काम कर्म होते. त्याउलट, ८ जानेवारी १९४१ ला, म्हणजे चर्चिल यांच्या टिपणाच्या दुसऱ्याच दिवशी, जपानचे युद्धमंत्री तोजो यांनी सैनिकांसाठी एक आचारसंहिता जारी केली. जिवंत असताना कैदी होण्याची नामुष्की पत्करू नये, असा तिचा आदेश होता. निःस्वार्थ मरणाची भाषा आज्ञा देणाऱ्याच्या तोंडी गेली की काय होते, हे त्या आदेशाने पुढे पॅसिफिकच्या बेटाबेटांवर दाखवले. २१ डिसेंबरचा लंडनचा संदेश त्या आदेशाइतका क्रूर नव्हता, पण दोन्हींत एक गोष्ट समान होती: मरणाचा हिशेब न करण्याचा उपदेश, जो मरणार नव्हता त्याने केला होता.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. प्रत्येक शिपायाला कारण सांगून, त्याची संमती घेऊन सैन्य चालत नाही. गुप्तता ठेवावीच लागते. हे मान्य आहे. पण संमतीच्या पायऱ्या असतात. शिपायाला योजना सांगता येत नसेल तर त्याच्या सरकारला सांगता येते. ओटावाच्या मंत्रिमंडळाने जानेवारीचे टिपण वाचून मग पलटणी पाठवल्या असत्या, तर जबाबदारी वाटली गेली असती. दिल्लीत तर विचारण्यासारखे प्रातिनिधिक सरकारच नव्हते, आणि म्हणून हिंदी पलटणींच्या बाबतीत लंडनची जबाबदारी दुप्पट होती. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही त्याच्या वतीने हिशेब अधिक कसून करावा लागतो. आणि बलाढ्य शत्रूपुढे शेवटपर्यंत लढणे किंवा सरसकट नमणे एवढे दोनच पर्याय असतात, असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्बल राजावर स्वतंत्र अधिकरण आहे. सर्वत्र नमावे हे भारद्वाजाचे मत आणि सर्व बळानिशी झुंजावे हे विशालाक्षाचे मत, अशी दोन्ही टोके कौटिल्य नाकारतो. अधिक बलवानाचा किंवा अभेद्य दुर्गाचा आश्रय घेऊन आपले बळ राखावे, असे तो सांगतो. हाँगकाँगकडे दुर्ग नव्हता आणि आश्रयदाता गुंतलेला होता. तेव्हा नावापुरती शिबंदी ठेवून बाकीचे बळ जेथे उपयोगी पडेल तेथे नेणे, हा मार्ग उरत होता, आणि तो चर्चिल यांनीच जानेवारीत सुचवला होता. सैन्य हलवले तर ते नजरेत भरेल ही त्याच टिपणातली त्यांची भीती खोटी नव्हती. पण नजरेत भरेल म्हणून माणसे मरणाच्या जागी राहू द्यावीत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तरीही लढायचेच ठरले असते, तर धर्म्य योजना कशी दिसली असती हेही सांगितले पाहिजे, कारण दोष दाखवणाऱ्याने पर्याय दाखवला नाही तर त्याचे बोलणे अर्धेच राहते. वेळ मिळवायचा असेल तर कशासाठी आणि किती, हे ठरले असते. हाँगकाँगच्या अठरा दिवसांनी मलायातील लढाईचे पारडे फिरले नाही आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरही पडले. नागरिकांचे पाणी, अन्न आणि आसरा यांचा विचार तोफांच्या जागा ठरवताना झाला असता. आणि मुख्य म्हणजे, कुठे थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार जागेवरच्या सेनापतीला आधीच दिला असता. गव्हर्नर मार्क यंग यांनी १३ आणि १७ डिसेंबरला जपानची शरणागतीची मागणी धुडकावली. ती कर्तव्यनिष्ठा होती. २५ डिसेंबरला दुपारी मेजर जनरल माल्टबी यांनी सांगितले की यापुढे परिणामकारक प्रतिकार होऊ शकत नाही, आणि यंग यांनी लंडनच्या शब्दाबाहेर जाऊन शस्त्रे खाली ठेवली. कौलूनच्या पेनिन्सुला हॉटेलात त्यांनी शरणागती दिली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ कैद भोगली. परिणाम, नाश, पीडा आणि सामर्थ्य या चारही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून, कोणत्याही प्रतिष्ठेचा लोभ न धरता घेतलेला या साऱ्या घटनाक्रमातला हा निर्णय मला सर्वांत सात्त्विक वाटतो. जग त्याला पराभव म्हणते, आणि तो पराभव होताच. पण त्या क्षणी उरलेल्या हजारो माणसांचे प्राण कोणाच्या तरी हिशेबात आले.

हा प्रश्न १९४१ मध्ये संपलेला नाही. सीमेवरची चौकी असो वा शहराचा बचाव, राखता येणार नाही असे ठाणे राखण्याचा हुकूम पुढेही कोणीतरी देईल, आणि त्यासोबत निःस्वार्थ कर्तव्याची भाषाही येईल. तेव्हा आपण एवढेच विचारावे की ती भाषा कोणाच्या तोंडी आहे. जो स्वतः पुढे जातो त्याच्या तोंडी ती शोभते, आणि त्याच्यापुढे आपण नम्र व्हावे. जो मागे राहून पाठवतो त्याच्या तोंडी ती आली, तर त्याला थांबवून चार कसोट्यांची उत्तरे मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि धर्मही. पुढे काय होईल, किती जातील, आणखी कोण भरडले जाईल, आपले बळ किती. ही उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, किंवा असून जो ती खिशात ठेवतो, त्याला दुसऱ्याच्या मरणाची आज्ञा देण्याचा नैतिक अधिकार नाही. मग त्याचे कारण कितीही न्याय्य असो आणि त्याचा शत्रू कितीही क्रूर असो.